पर्यावरण आणि आरोग्य : संशोधनाचे प्राधान्यक्रम

हवा, पाणी, केमिकल्स, आवाज, उष्णता यांचा माणसाच्या तब्येतीवर काय परिणाम होतो याचं संशोधन करायचं तर विषय ढीगभर आणि पैसा, माणसं कायम अपुरी, म्हणून कुठला प्रश्न आधी घ्यायचा आणि कुठला मागे ठेवायचा हे ठरवावं लागतं, त्यालाच प्राधान्यक्रम ठरवणं म्हणतात. हे काम नुसतं तज्ज्ञांना एकत्र बसवून केलं की ज्याचा जो विषय तोच त्याला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे काहीतरी मोजमाप हवंच.

सगळ्यात जास्त चालणारं मोजमाप म्हणजे 'डॅली'. अकाली मृत्यूमुळे गेलेली वर्षं अधिक आजारपणात काढलेली वर्षं (आजार किती गंभीर त्यानुसार कमी-जास्त धरून) अशी ती बेरीज, आणि जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालापासून ती सगळीकडे वापरात आली. दुसरी पद्धत सीएचएनआरआय (चाइल्ड हेल्थ अँड न्यूट्रिशन रिसर्च इनिशिएटिव्ह), ही मुळात बालआरोग्यासाठी बनवलेली. यात प्रत्येक तज्ज्ञाने प्रत्येक प्रश्नाला वेगवेगळ्या निकषांवर मार्क द्यायचे: उत्तर मिळण्यासारखं आहे का, मिळालं तर उपाय लोकांपर्यंत पोचेल का, गरिबांना फायदा होईल का वगैरे. हो असेल तर १, नाही तर ०, नक्की सांगता येत नसेल तर ०.५, आणि त्यातलं काही कळतच नसेल तर रकाना रिकामा सोडायचा. ही शेवटची सोय मला फार आवडते, कारण मीटिंगमध्ये 'मला माहीत नाही' असं सहसा कुणी म्हणत नाही.

पण खरी गोची आकड्यांच्या पलीकडे आहे. डॅलीने आजाराचा बोजा मोजायला आधी संशोधन झालेलं लागतं, म्हणजे जे कुणी तपासलंच नाही त्याचा आकडा शून्य आणि ते यादीत खालीच राहतं. बांगलादेशात १९७० च्या दशकात जुलाब-कॉलरा टाळायला गावोगाव ट्यूबवेल खोदल्या, पाण्यातलं आर्सेनिक मात्र तपासलं नव्हतं, ते तिथे १९९३ मध्ये सापडलं. त्यात आर्सेनिकच्या विषाने त्वचेवर डाग दिसायलाच कित्येक वर्षं जातात, कॅन्सरला तर त्याहून जास्त, मग आधी आकडा येणार कुठून?

उलटही होतं. पेट्रोलमधलं शिसं घातक आहे हे कधीच सिद्ध झालेलं, तरी गाड्यांसाठी असं पेट्रोल विकणं बंद करणारा शेवटचा देश अल्जेरिया, तोही २०२१ मध्ये. अशा ठिकाणी 'अजून संशोधन हवं' ही मागणी बऱ्याचदा निव्वळ टाळाटाळ असते.

ल्यॉनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था कुठले पदार्थ तपासायचे हे ठरवताना दोनच गोष्टी मुख्य धरते: लोकांचा त्याच्याशी संपर्क येतोय का, आणि कॅन्सरचा संशय घ्यायला काही आधार आहे का. त्यामुळे बोजाचा आकडा अजून हातात नसलेला पदार्थसुद्धा तिथे यादीत वर येऊ शकतो.