खाडीतल्या होडीला कोणती बॅटरी?

छोट्या होडीला विजेची मोटर बसवायचे ठरले की दुकानात पहिला प्रश्न ‘किती एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी द्यायची?’ असा येतो. ठाण्याच्या मासुंदा तलावापुरता तो पुरेसा असेलही. पण ऐरोली किंवा वाशीजवळच्या खाडीत होडी न्यायची असेल, तर मोटर किती वीज ओढते आणि परतताना पाणी कोणत्या दिशेला वाहत असेल, हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात.

सुमारे ५५ पौंड रेट्याची १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात जवळजवळ ५० अँपिअर ओढते. बॅटरीवर ‘१०० एएच’ छापलेले असल्याने ती दोन तास चालेल, असा हिशेब कोणीही करील. मात्र त्याच लेबलवर बारीक अक्षरांत बहुधा ‘सी २०’ असेही लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा, की ही क्षमता बॅटरी २० तासांत सावकाश, म्हणजे ५ अँपिअरने, रिकामी केली तरच मिळते. शिसे-आम्ल बॅटरीतून प्रवाह जितका जोरात ओढावा, तितकी हाती लागणारी एकूण वीज कमी होते, कारण पट्ट्यांच्या आतल्या भागापर्यंत आम्ल वेळेवर पोहोचत नाही. पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये हा संबंध सूत्रात मांडला. या सूत्रातला घातांक (तो जितका मोठा, तितकी जोरात ओढल्यावर बॅटरीची घट जास्त) १.२ धरला, तर ५० अँपिअरला आपली बॅटरी दोन नव्हे, सव्वा तासात संपते. आणि आयुष्य टिकवायचे म्हणून ती निम्म्यापर्यंतच वापरायची ठरवली, तर पाऊण तासही धड मिळत नाही.

त्यात ओहोटी. होडीचा स्थिर पाण्यातला वेग ताशी ५ किलोमीटर आणि विरुद्ध प्रवाह ताशी २ किलोमीटर असेल, तर ३ किलोमीटर परतायला ३६ मिनिटांऐवजी पूर्ण एक तास लागतो. उधाणाच्या दिवसांत प्रवाह याहून जोरदार असतो, आणि पंख्यात प्लास्टिकची पिशवी अडकली (आपल्या खाडीत हे गृहीतच धरावे) की मोटर जास्त अँपिअर ओढू लागते. म्हणून जाण्यायेण्याचा हिशेब करून झाल्यावर निदान एकतृतीयांश वीज राखीव राहील अशी बॅटरी घ्यावी. वेग थोडा कमी ठेवल्याने मात्र भरपूर बचत होते, कारण लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते.

मोटारगाडीची बॅटरी घेऊ नये. तिच्या पातळ पट्ट्या इंजिन सुरू करण्यापुरता क्षणभर मोठा झटका देण्यासाठी असतात; वारंवार खोलवर रिकामी झाल्यास ती लवकर निकामी होते. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी खोल वापर सोसते, पण १५० एएचची बॅटरी पन्नास किलोंच्या वर जाते, आणि हेलकावणाऱ्या होडीत तिचे आम्ल सांडू शकते. शिवाय समुद्राचे पाणी आम्लात मिसळले, तर क्लोरीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. शिसे-आम्लच घ्यायची असेल, तर निदान सीलबंद आणि डीप-सायकल, म्हणजे खोल वापर सोसणाऱ्या, प्रकारची घ्यावी.

खाडीसाठी माझे मत लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीकडे झुकते. १०० एएचची अशी बॅटरी साधारण १२ किलोंची असते, मोठा विद्युतप्रवाह ओढला तरी आपली क्षमता जवळजवळ पूर्ण देते आणि दोन हजारांहून अधिक वेळा चार्ज होऊ शकते. किंमत जास्त पडते, हे खरे. ती घेताना आतल्या बीएमएसची (बॅटरी सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेची) सततची विद्युतप्रवाहाची मर्यादा वाचावी. ही मर्यादा ५० अँपिअर असेल आणि मोटरही तेवढेच ओढत असेल, तर पाण्याच्या ऐन ओढीत बीएमएस पुरवठा तोडू शकेल. त्यामुळे १०० अँपिअरची मर्यादा बरी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या बॅटरीचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो, म्हणून व्होल्टमीटरवरून उरलेल्या विजेचा अंदाज बांधता येत नाही. आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारा शंट मीटर लावावा.

चार्जरही त्याच प्रकारच्या बॅटरीसाठी बनवलेला हवा. वायरच्या जाडीत काटकसर केली, तर ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या, जाऊन-येऊन ६ मीटर वायरमध्येच ५० अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट खर्ची पडतो; १६ चौरस मिलिमीटरची वायर घेतल्यास हा तोटा ०.३५ व्होल्टच्या आत येतो. खाऱ्या हवेत साधे तांबे हिरवे पडते, म्हणून कल्हई केलेल्या तारांची वायर शोधावी, आणि फ्यूज मोटरजवळ न लावता बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून बसवावा, म्हणजे मधली वायर घासून शॉर्ट झाली तरी पुरवठा तिथेच तुटेल.