मे महिन्याची सुट्टी : आजोळ आणि पाहुणचार

एप्रिलअखेर वार्षिक परीक्षा संपल्यापासून जूनच्या मध्यास शाळा भरेपर्यंत महाराष्ट्रातील कुटुंबे नातलगांकडे जाण्यायेण्याचा, एकत्र राहण्याचा आणि जवळपासच्या सहलींचा जो परिपाठ पाळत आली आहेत, तो मे महिन्याची सुट्टी या नावाने ओळखला जातो. या सुट्टीचे वर्णन बहुधा मुलांच्या आठवणींतून केले जाते. परंतु तिचा कणा सासुरवाशिणीचे माहेरी जाणे हा आहे. एरवी सणावाराखेरीज माहेरी जाण्यास सासरची परवानगी लागत असे आणि ती सहज मिळतही नसे. शाळांचे वेळापत्रक ठरून गेल्यावर मात्र ‘मुलांना सुट्टी लागली आहे’ हे कारण सासूसासऱ्यांनाही मान्य होऊ लागले आणि वर्षातून एकदा पंधरा दिवस ते महिनाभर आईकडे राहण्याची सोय अनेक घरांत कायमची झाली. बहिणीला आणायला भाऊ मुराळी म्हणून जाण्याची रीत त्याआधीची होती. सुट्टीने तिला ठरावीक महिना मिळवून दिला.

हा महिना सोयीचा ठरण्यामागे शेतीचे चक्र आहे. रब्बीची सुगी एप्रिलपर्यंत आटोपलेली असते आणि खरिपाच्या पेरणीची लगबग ७ किंवा ८ जूनला लागणाऱ्या मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होते. मधल्या काळात नांगरट, शाकारणी अशी कामे असली, तरी घरात धान्य असते आणि माणसांना थोडी सवड असते. वैशाख-ज्येष्ठातील लग्नमुहूर्त, मुंजी आणि चैत्र-वैशाखात येणाऱ्या अनेक गावांच्या जत्रा याच सवडीत बसतात. खानदेशात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि झोक्यावरची गाणी म्हटली जातात. तेथे सुट्टी आणि सण यांची सांधेजोड आपोआप झाली आहे. राज्य मंडळाच्या शाळांत निकाल बहुधा १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाच्या झेंडावंदनानंतर हाती पडतो, त्यामुळे ‘निकाल घेतला की निघायचे’ असा बेत पिढ्यान्‌पिढ्या ठरत आला. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात.

लांबच्या नातलगांकडे सहकुटुंब जाणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले ते आगगाडी आणि एसटीमुळे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली आणि पुढील काही दशकांत मुंबईतील गिरणी कामगार, कारकून व हमाल यांना गावाशी संबंध टिकवणे शक्य झाले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झालेल्या सरकारी बससेवेने पुढे खेडोपाडी पोहोचून उरलेले अंतर भरून काढले. एसटीच्या उन्हाळी जादा गाड्या, पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे अर्धे तिकीट आणि ते वाचवण्यासाठी मुलाचे वय एकदोन वर्षांनी कमी सांगणारे पालक हा या प्रवासाचा नित्याचा भाग होय. कोकणची वाट निराळी होती. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू होण्याआधी, आणि रस्ते सुधारण्याच्याही आधी, चाकरमानी बोटीने जात असत. बोट बंदरापासून दूर उभी राही, उतारू पडावातून किनाऱ्यावर येत, आणि बोट लागून गळून गेलेल्या मुलांना आजोबा खांद्यावर घेऊन घाटी चढत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद राहत असल्यामुळे परतीचा दिवस शाळेपेक्षा समुद्र ठरवीत असे. अलीकडे मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली आहे. माहेरी जाण्याच्या खर्चाचा हिशेब मांडणाऱ्या घरांत ही सवलत किरकोळ नव्हे. केंद्र व राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना मिळणारी स्वग्राम प्रवास सवलतही बहुतेक वेळा याच महिन्यात वापरली जाते.

मामाच्या घरी दहा-पंधरा माणसांची भर पडली की घराची रचनाच बदलत असे. माळ्यावरची पिंपे, मोठी पातेली खाली येत. माजघरात मुलांच्या पंगती आधी आणि बायकांच्या सर्वांत शेवटी बसत. संध्याकाळी गच्चीवर किंवा अंगणात पाणी मारून जमीन निववली जाई आणि रात्री तेथेच ओळीने अंथरुणे पडत. विदर्भात, जेथे पारा ४५ अंशांच्या पलीकडे जाणे नवलाचे नाही, तेथे दुपारभर दारे-खिडक्या लावून, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून आणि पुढे कूलरपुढे आडवे होऊन मुले पत्ते कुटत. ग्रामीण भागात पोहणे शिकण्याचा वर्ग विहिरीवर भरे. पाठीला वाळका भोपळा किंवा हवाबंद पत्र्याचा डबा बांधून मामा मुलाला पाण्यात ढकलून देई, आणि ही रीत शिकवण्यास उत्तम असली तरी राखणदार मोठा माणूस नसलेल्या विहिरींवर दर उन्हाळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या येतात, हेही नोंदवले पाहिजे.

आंबा हा या पाहुणचाराचा केंद्रबिंदू. गवताच्या अढीत लावलेले आंबे रोज चाळून पिकलेले वेगळे काढणे हे आजीचे काम. रायवळ चोखायला, हापूस फोडींना आणि रस जावयासाठी, असा बऱ्याच घरांतील अलिखित दंडक होता. मात्र पाहुण्यांना नुसते खाऊ घातले जाई असे नाही, त्यांच्याकडून कामही करून घेतले जाई. वर्षाचे वाळवण याच दिवसांत होते आणि त्यासाठी हात लागतात. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून त्याचा चीक काढतात. तो रात्रभर निवळला की वरचे पाणी ओतून देऊन पहाटे मोठ्या पातेल्यात मीठ-हिंग घालून शिजवतात. चीक घट्ट होऊ लागला की ढवळणारीच्या मनगटाची परीक्षा असते, कारण गुठळी झाली की सोऱ्यातून तार नीट पडत नाही. ऊन चढण्याआधी गच्चीवर धुतलेल्या लुगड्यांवर कुरडया घातल्या जातात. वाटीभर गरम चीक तूप घालून खाणे आणि पापड लाटताना तेलात बुडवलेल्या लाट्या पळवणे ही मुलांची मजुरी असे, आणि त्याबदल्यात दुपारभर काठी घेऊन कावळे हाकलण्याचे काम त्यांच्या गळ्यात पडे.

या सगळ्याचा भार कोणावर पडत असे, याविषयी सुट्टीच्या गोड आठवणी फारसे बोलत नाहीत. नणंदा माहेरपणाला आल्या म्हणजे घरची सून, म्हणजेच मुलांची मामी, चुलीपाशी अडके. तिचे स्वतःचे माहेरपण नणंदा परतल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात उरलेल्या चार दिवसांत उरके किंवा पुढच्या वर्षावर जाई. एका बाईची विश्रांती दुसरीच्या कष्टांवर उभी असण्याची ही रचना इतकी सवयीची होती की ‘मामाचा गाव’ म्हणताना मामीचे नाव गाळले जाते, यात कोणाला काही वावगे वाटत नसे. काही घरांत समजूतदार सासवांनी सुना आणि लेकी यांच्या पाळ्या लावून दिल्या, परंतु तो अपवाद होता.

शहराकडे येणारा प्रवाह तुलनेने कमी वर्णिला जातो. गावाकडची भाचरे मुंबई पाहायला येत, तेव्हा बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोलीत आधीच सहा-सात माणसे राहत असत. अशा वेळी पुरुष मंडळी व्हरांड्यात पथाऱ्या टाकत, शेजारची खोली हक्काने वापरली जाई आणि सकाळी सामाईक नळावरच्या रांगेत पाहुण्यांचेही डबे लागत. पाहुण्यांना शहर दाखवणे हे यजमानाचे कर्तव्य मानले जाई : भायखळ्याची राणीची बाग, १९५१ पासूनचे तारापोरवाला मत्स्यालय, गेटवे ऑफ इंडिया, म्हातारीचा बूट आणि शेवटी चौपाटी. राणीची बाग बुधवारी बंद असते, हे विसरून भायखळ्याला उतरलेली कुटुंबे मुंबईत थोडी नसावीत. पुण्यात पर्वती, सारसबाग आणि पेशवे उद्यानातील फुलराणी हा असाच ठरलेला फेरा. थंड हवेच्या ठिकाणी जाऊन राहणे ही मूळची साहेबांची चाल. महाबळेश्वर १८२० च्या दशकाच्या अखेरीस गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात वसले, तर माथेरान १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने पुढे आणले, आणि नेरळहून तेथे जाणारी छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांनी तेथे मुक्काम करण्यापेक्षा एका दिवसाची सहल पसंत केली. सोबत धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेल्यामुळे खर्च उरतो तो प्रवासाचाच.

परत निघण्याच्या दिवशी लेकीची ओटी भरली जाते, मुलांच्या हातावर पैसे ठेवले जातात आणि पिशव्यांत पापड, लोणचे, मसाला कोंबला जातो. देण्याघेण्याचा हा हिशेब कोणी लिहीत नाही, पण तो विसरलाही जात नाही. अधिक मास आला तर तो आणखी वाढतो. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रात त्याला धोंड्याचा महिना म्हणतात आणि लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे व अनारसे यांचे वाण दिले जाते. २०१८ प्रमाणे २०२६ मध्येही अधिक ज्येष्ठ मे-जूनमध्ये येतो. त्या महिन्यात लग्ने होत नसल्याने कार्यांची गर्दी एप्रिलकडे आणि मेच्या सुरुवातीस सरकते, व घरी येणाऱ्यांचे प्रयोजन बदलते.

दुष्काळी वर्षांत पाहुणचाराला मर्यादा पडतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घराने पाहुण्यांना बोलवायचे कसे हा खराच प्रश्न होता, आणि अशा वेळी न जाणे हाच नातलगांचा शहाणपणा ठरतो. कुटुंबे लहान झाल्याने मामा-मावश्यांची संख्या घटली आहे, दहावी-बारावीचे क्लास सुट्टीतच सुरू होतात आणि दोघेही नोकरी करणाऱ्या घरात महिनाभर पाहुणा ठेवणे अवघड जाते. भेटी त्यामुळे चार दिवसांवर आल्या आहेत किंवा सर्व भावंडांनी मिळून शेतघर भाड्याने घेण्याचा पर्याय पुढे आला आहे, ज्यात निदान स्वयंपाक कोणा एकीवर पडत नाही. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणल्यानंतर हुरडा, बैलगाडी, विहिरीचे पाणी यांचा विकत घेण्याजोगा अनुभवही वाढला. याखेरीज एक साधी अडचण आहे : सीबीएसईच्या अनेक शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊन मग सुट्टी लागते, राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यास आणि विदर्भातल्या त्यानंतर भरतात, म्हणून एकाच आजीच्या सगळ्या नातवंडांना एकाच वेळी मोकळे मिळतील असे आठवडे तारखा पाहून मुद्दाम शोधावे लागतात.