काही मिलिसेकंदांचा अंधार

इंग्लंडमधील जॉय डिव्हिजन या रॉक बँडचा ‘अननोन प्लेझर्स’ हा पहिला अल्बम १९७९ साली ध्वनिमुद्रित होऊन हाती आला, तेव्हा तो ऐकून बँडमधलेच दोघे जण नाराज झाले. गिटारवादक बर्नार्ड समनर आणि बास गिटार वाजवणारा पीटर हुक यांना आपले संगीत कर्कश, जड आणि अंगावर येणारे हवे होते. मँचेस्टर परिसरातल्या छोट्या सभागृहांत ते तसेच वाजत असे. रेकॉर्डवर मात्र गिटार मागे सरकली होती, ढोल एखाद्या रिकाम्या गोदामात वाजत असल्यासारखे भासत होते आणि गायक इयन कर्टिसचा खर्जातला आवाज दूरच्या खोलीतून यावा तसा येत होता. हुकला ते पिंक फ्लॉइड या लांबलचक, भव्य संगीत करणाऱ्या बँडसारखे वाटले, आणि साध्या, रांगड्या पंक संगीताच्या मुशीतून आलेल्या तरुणाच्या तोंडी ही तुलना प्रशंसेची नव्हती. समनरचे म्हणणे असे, की आम्ही चित्र कृष्णधवल काढले होते आणि ते दुसऱ्याच कोणी रंगवून टाकले.

गाणी तीच होती, वाजवणारे चौघे तेच होते, शब्दांतही बदल नव्हता. मग बदलले ते नेमके काय? या प्रश्नाचे उत्तर संगीतशास्त्रापेक्षा ध्वनिशास्त्रात अधिक सापडते, आणि ते शोधताना मानवी कान अवकाशाचा अंदाज कसा बांधतो, याची एक विलक्षण गोष्ट उलगडत जाते.

ध्वनिमुद्रण १९७९च्या एप्रिलमध्ये, मँचेस्टरलगतच्या स्टॉकपोर्ट येथील स्ट्रॉबेरी स्टुडिओत, लागोपाठच्या तीन शनिवार-रविवारी झाले. निर्माता होता मार्टिन हॅनेट. हा मँचेस्टरमध्ये रसायनशास्त्र शिकलेला गृहस्थ स्टुडिओला वाद्ये टिपून घेण्याची खोली न मानता प्रयोगशाळा मानत असे. त्याच्या हाती त्या काळातले एक नवे उपकरण होते. जवळच्याच बर्नली गावातील एएमएस या कंपनीने, म्हणजे विमान उद्योगातून बाहेर पडलेल्या दोन अभियंत्यांनी, बनवलेले हे यंत्र ध्वनी काही क्षण अडवून ठेवून मग सोडत असे. स्टुडिओच्या भाषेत त्याला डिजिटल डिले म्हणतात.

ध्वनी उशिरा सोडण्याची कल्पना जुनीच होती. पूर्वी त्यासाठी चुंबकीय फीत वापरत. एका शीर्षाने (टेपच्या ‘हेड’ने) ध्वनी फितीवर लिहायचा आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या शीर्षाने तो वाचायचा. फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावत असेल आणि दोन शीर्षांत ५ सेंटिमीटर अंतर असेल, तर ध्वनी सुमारे १३० मिलिसेकंद उशिरा येतो. पण दर फेरीला फितीवरचे उंच स्वर बोथट होत, वेग किंचित डगमगे आणि अगदी लहान विलंब मिळवणे अवघड जाई. डिजिटल यंत्र ध्वनितरंगाची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजते, ते आकडे स्मृतीत साठवते आणि ठरलेल्या वेळी पुन्हा तरंगात बदलते. त्यामुळे मूळ ध्वनीची जवळजवळ हुबेहूब प्रत हवी तितक्या मिलिसेकंदांनी मागे ठेवता येते. हॅनेटच्या हाती आलेली नवी ताकद ही होती.

मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एवढ्या वेळात ध्वनी हवेतून जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. प्रतिध्वनी स्वतंत्रपणे ऐकू येण्यासाठी मूळ ध्वनी आणि परावर्तित ध्वनी यांत ०.१ सेकंदाचे अंतर लागते, म्हणून परावर्तक पृष्ठभाग निदान १७.२ मीटर दूर हवा, असे आपण शाळेच्या पुस्तकात शिकलो आहोत. नियम सोयीचा आहे, पण कानाचे वागणे त्याहून सूक्ष्म असते. टाळीसारखा तुटक आवाज असेल तर दहा मिलिसेकंदांच्या आसपासही दुसरा आवाज वेगळा जाणवू लागतो. बोलण्याच्या बाबतीत ही सीमा साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांवर येते. संथ संगीतात ती आणखी पुढे सरकते. जर्मनीतील ग्योटिंगन येथे हेल्मुट हास यांनी १९४९ साली आपल्या प्रबंधात दाखवले, की या सीमेच्या आत आलेला दुसरा ध्वनी मेंदू पहिल्यातच विरघळवून टाकतो आणि ध्वनीची दिशा पहिल्या आगमनावरून ठरवतो. दुसरा ध्वनी पहिल्यापेक्षा काहीसा मोठा असला, तरीही हेच घडते.

म्हणजे तो उशिरा आलेला ध्वनी वाया जातो का? मुळीच नाही. तो स्वतंत्रपणे ऐकू आला नाही तरी मूळ ध्वनीचा पोत बदलतो. दोन-चार मिलिसेकंदांनी मागे ठेवलेली प्रत मूळ तरंगात मिसळली, की काही वारंवारता एकमेकींना बळ देतात, काही एकमेकींना पुसून टाकतात, आणि चामड्याचा ढोल पत्र्यासारखा वाजू लागतो. तीस-चाळीस मिलिसेकंदांवर ध्वनी रुंदावतो. शंभराच्या पुढे गेले, की भिंत दिसू लागते, अर्थात डोळ्यांना न दिसणारी. या अल्बममधल्या ढोलांचा तो चमत्कारिक, धातूसारखा, रिकाम्या जागेत आदळणारा नाद याच हिशेबातून आला आहे.

त्यासाठी हॅनेटने ढोलवादक स्टीफन मॉरिसला जो त्रास दिला, त्यामागेही ध्वनिशास्त्र होते. त्याने मॉरिसचा ड्रम सेट सुटा करायला लावला आणि प्रत्येक ढोलाचा आवाज शक्य तितका एकटा, स्वच्छ मिळावा असा आग्रह धरला. वरवर पाहता हा हेकटपणा वाटतो. पण एका ढोलापुढच्या मायक्रोफोनमध्ये शेजारच्या झांजेचा आवाज झिरपत असेल, तर विलंबाचे यंत्र त्या ढोलाबरोबर झांजेच्याही प्रती काढत राहील आणि सगळ्याचा कालवा होईल. रिकामी जागा ऐकवायची असेल, तर आधी खरोखरच जागा रिकामी करावी लागते.

आवाज जवळचा की दूरचा, हे बंद खोलीत कान कसे ओळखतो, तेही येथे पाहण्यासारखे आहे. आवाजाच्या उगमापासून थेट येणारा ध्वनी अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने घटतो, पण भिंतींवर आदळून खोलीभर पसरलेला निनाद सगळीकडे जवळपास सारखाच राहतो. थेट ध्वनी आणि निनाद यांच्या प्रमाणावरून मेंदू अंतर ठरवतो. हॅनेटने हे प्रमाण हवे तसे फिरवले. कर्टिस मायक्रोफोनपाशीच उभा होता, पण ऐकणाऱ्यासाठी तो दूर गेला. एका गाण्यासाठी तर त्याने कर्टिसचा आवाज टेलिफोनच्या तारेतून आणून टिपला. टेलिफोन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जाऊ देतो. छातीतला खर्ज आणि श्वासातली धार दोन्ही गाळली जातात आणि माणसाचा फक्त मजकूर उरतो. स्टुडिओच्या लिफ्टमध्ये स्पीकर ठेवून तिचा निनादही त्याने टिपून घेतला होता.

या अल्बमचे खरे कौशल्य मला एका विसंगतीत दिसते. ढोलाचा आघात कोरडा आणि कानाशी आहे, पण त्याच्या मागची खोली प्रचंड आहे. निसर्गात या दोन खुणा क्वचितच एकत्र येतात. त्यामुळे ऐकणाऱ्याला आपण नेमके कोठे उभे आहोत, हे ठरवता येत नाही, आणि जागेचा अंदाज न लागणे हा अंधाराचाच अनुभव आहे. त्यात हुकच्या वादनाची सवय योगायोगाने उपयोगी पडली. समनरच्या ॲम्प्लिफायरचा आवाज एवढा मोठा असे, की हुकला स्वतःचे वादन ऐकू यावे म्हणून बासच्या वरच्या पट्टीत सूर छेडावे लागत. मंद्र स्वर आपल्याहून वरच्या स्वरांना झाकून टाकतात, हा श्रवणाचा जुना ज्ञात गुण आहे. बासच वर गेल्यामुळे खालचा पट्टा मोकळा राहिला, गिटार हॅनेटने मागे घेतली, आणि मध्ये एक पोकळी तयार झाली. कर्टिसचा आवाज त्या पोकळीत उभा आहे.

फॅक्टरी रेकॉर्ड्स या मँचेस्टरच्या छोट्या कंपनीने १५ जून १९७९ रोजी हा अल्बम प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती १०,००० प्रतींची होती. समीक्षकांनी त्याचे मनापासून स्वागत केले, पण विक्रीच्या राष्ट्रीय यादीत त्याला स्थान मिळाले नाही. कर्टिसला १९७९च्या आरंभीच अपस्माराचे निदान झाले होते. १८ मे १९८० रोजी, वयाच्या २३व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. त्यानंतर त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अल्बम ब्रिटनच्या यादीत ७१व्या क्रमांकावर आला. तेव्हापासून बहुतेक श्रोते या अल्बमचा काळोख कर्टिसच्या अखेरीतून उलट वाचत आले आहेत. त्याच्या शब्दांत दुःख होते, यात शंका नाही. पण ध्वनीतला काळोख त्याच्या मृत्यूच्या तेरा महिने आधी, अतिशय थंड डोक्याने, मोजूनमापून बांधला गेला होता, आणि दुःखाचे पुरावे शोधण्याच्या नादात त्या कारागिरीकडे दुर्लक्ष होते, याचे मला वाईट वाटते. हुकने पुढे मोकळेपणाने मान्य केले, की जॉय डिव्हिजनचा म्हणून जो नाद जग ओळखते, तो हॅनेटने घडवला.

या अल्बमवर अंधार दुसऱ्यांदा चढवला गेला तो त्याच्या वेष्टनावर, आणि तेथेही प्रश्न मोजलेल्या वेळेचाच होता. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांच्या डोंगररांगा. त्यावर ना बँडचे नाव, ना अल्बमचे. हे चित्र १९७७ साली निघालेल्या केंब्रिजच्या खगोलशास्त्रीय ज्ञानकोशातून बँडने निवडले होते. ज्ञानकोशात रेषा काळ्या आणि कागद पांढरा होता. रचनाकार पीटर सॅव्हिल याने रंग उलटे केले.

त्या रेषा एका ताऱ्याच्या आहेत. केंब्रिज येथे संशोधन करणाऱ्या जोसेलिन बेल यांना १९६७च्या ऑगस्टमध्ये आपल्या रेडिओ दुर्बिणीच्या कागदी आलेखावर एक खरवडल्यासारखी नोंद दिसली. दुर्बीण दिवसाला सुमारे ३० मीटर कागद ओकत असे आणि बेल तो डोळ्यांनी तपासत. २८ नोव्हेंबरला त्यांनी कागदाचा वेग वाढवून पाहिले, तेव्हा खरवडीच्या जागी एकसारखे ठोके उमटले: दर १.३३७ सेकंदाला एक. हाच पहिला स्पंदक तारा, सीपी १९१९. सूर्याहून अधिक द्रव्य जेमतेम वीस किलोमीटर व्यासात दाबलेला हा न्यूट्रॉन तारा फिरताना आपला रेडिओझोत दीपगृहासारखा पृथ्वीवरून नेतो. १९७४चे नोबेल पारितोषिक या शोधासाठी बेल यांचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांना मिळाले. बेल यांना मिळाले नाही, आणि ती उणीव आजही खुपते.

वेष्टनावरचा आलेख मात्र केंब्रिजचा नाही. तो हॅरॉल्ड क्राफ्ट यांनी पोर्तो रिकोमधील अरेसिबो येथल्या ३०५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने घेतलेल्या नोंदींतून काढला आणि कॉर्नेल विद्यापीठाला १९७० साली सादर केलेल्या प्रबंधात छापला. ठोके ठरल्या वेळी येतात, पण प्रत्येक ठोक्याचा आकार वेगळा असतो. या आकारांत काही क्रम दडला आहे का, हे पाहण्यासाठी त्यांनी ओळीने ८० ठोके एकावर एक रचले. पुढच्या डोंगरामागे मागची रेषा झाकली जावी, अशी सोय त्यांनी संगणकाच्या आज्ञावलीत केली होती. छापील निकालावरून विद्यापीठातल्या एका आरेखक बाईंनी काळ्या शाईने रेषा गिरवल्या. वेष्टनावर जे दिसते ते ताऱ्याचे जेमतेम १०७ सेकंद आहेत, आणि मधल्या उंचवट्यांची प्रत्यक्ष रुंदी आहे सुमारे ४० मिलिसेकंद. हॅनेटचे यंत्र वेळेच्या ज्या पट्ट्यात काम करत होते, त्यातच हा आकडा बसतो. हा निव्वळ योगायोग आहे, तरी तो लक्षात आल्यापासून वेष्टन आणि तबकडी मला वेगवेगळ्या वस्तू वाटत नाहीत.

आपले चित्र एका रॉक अल्बमवर छापले गेल्याचे क्राफ्ट यांना एका सहकाऱ्याकडून कळले. ते दुकानात गेले, चित्र ओळखले आणि अल्बमबरोबर त्याचे भित्तिचित्रही विकत घेऊन आले.

अरेसिबोची दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली. स्पंदकांची मोजणी अन्यत्र सुरूच आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या जीएमआरटी दुर्बिणीवर तर ती नित्याची आहे. येथल्या नोंदी वापरून भारतीय आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशातून पसरणाऱ्या गुरुत्वाकर्षणाच्या तरंगांच्या, खुणा मिळाल्याचे २०२३च्या जूनमध्ये जाहीर केले. स्पंदकांचे ठोके कितीही नियमित असले, तरी ऊर्जा खर्च होत जाते तसे ते अगदी सावकाश मंदावतात. अल्बमच्या वेष्टनावर पोहोचलेला तो तारा अजूनही १.३३७ सेकंदांनीच ठोका देतो. क्राफ्ट यांनी नोंदी घेतल्या तेव्हापासून त्याच्या दोन ठोक्यांमधले अंतर सुमारे दोन मायक्रोसेकंदांनी वाढले आहे.