नावेचा नायलॉन दोर

घाटाला, धक्क्याला किंवा काठावरच्या खुंट्याला नाव बांधून ठेवण्यासाठी वापरला जाणारा पॉलिअमाइड (म्हणजे नायलॉन) धाग्यांचा दोर. बेळगाव जिल्ह्यात समुद्र नाही, पण कृष्णा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा या नद्या आणि हिडकल, नविलतीर्थ हे जलाशय आहेत. त्यामुळे चिकोडी, कागवाड, अथणी, रायबाग भागातल्या नदीकाठच्या गावांना नाव आणि तिचा दोर (कन्नडमध्ये ‘हग्ग’) काही नवा नाही.

पूर्वी हे काम काथ्या, अंबाडी आणि घायपाताच्या दोरांवर चाले. सतत भिजले की ते आतून कुजत. १९३५ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांनी नायलॉन तयार केले आणि पुढे दोरांसाठीही त्याचा वापर सुरू झाला. नायलॉन कुजत नाही.

खरेदीत पहिली फसगत नावातच होते. आठवडी बाजारात ‘नायलॉनची दोरी’ म्हणून मिळणारे निळे, हिरवे, पिवळे दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे किंवा तत्सम प्लास्टिकचे असतात. उसाची ट्रॉली आवळायला ते ठीक. नावेला मात्र उन्हात लवकर दगा देतात, कडक होतात आणि हाताला कुसळासारखे टोचू लागतात. ओळख सोपी आहे. हातभर तुकडा बादलीत बुडवून सोडावा. तरंगला तर तो नायलॉन नव्हे. पाण्याची घनता १ धरली तर पॉलिप्रॉपिलीनची सुमारे ०.९१, तर नायलॉनची १.१४ असते. दोर किलोवर विकला जात असल्याने वजनावरूनही अंदाज येतो : १२ मिलिमीटर जाडीचा १०० मीटर नायलॉन दोर साधारण ९ किलो भरतो, तेवढाच पॉलिप्रॉपिलीनचा दोर साडेसहा किलोच्या आसपास.

नायलॉन निवडण्याचे खरे कारण त्याची ताण खाण्याची ताकद. तुटण्यापूर्वी तो मूळ लांबीच्या चौथ्या हिश्श्याइतका, कधी त्याहूनही जास्त लांबतो. लाटेचा किंवा प्रवाहाचा हिसका दोरातच जिरतो. खुंटा उखडत नाही, नावेची कडी निखळत नाही. विहिरीत मोटार सोडताना हाच गुण नडतो, म्हणून तिथे कमी ताणणारा पॉलिस्टरचा दोर बरा. या लवचिकतेची दुसरी बाजूही आहे : ताणलेला नायलॉन तुटला की आसुडासारखा उलटा येतो. ताणाच्या रेषेत उभे राहू नये. भिजल्यावर त्याची ताकद १० ते १५ टक्क्यांनी घटते, वाळल्यावर परत येते.

जाडीचा प्रचलित हिशेब म्हणजे नावेच्या दर ९ फुटांमागे सुमारे ३ मिलिमीटर. या हिशेबाने १८ फुटी नावेला ६ मिलिमीटर पुरेल, पण इतका बारीक दोर हात कापतो आणि झिजायलाही वेळ लावत नाही. १० किंवा १२ घ्यावा. १२ मिलिमीटरचा चांगला तीनपदरी दोर सुमारे ३ टनांना तुटतो. त्याच्यावर नेहमीचा भार मात्र याच्या फार तर पाचव्या हिश्श्याइतका टाकावा, कारण नुसत्या गाठीनेच निम्म्यापर्यंत ताकद जाऊ शकते. पीळ घातलेला तीनपदरी दोर विणीच्या दोरापेक्षा जास्त ताणतो, पदर उलगडून गुंफताही येतो. गुंफलेल्या फाशात ताकद फारशी घटत नाही. नायलॉन गुळगुळीत असल्याने गाठ सरकते. एक फेरा जादा द्यावा, शेपूट लांब ठेवावे आणि कापलेले टोक डागून घ्यावे.

लांबीच्या बाबतीत बंदरातले नियम इथे अपुरे पडतात. स्थिर पाण्यावरच्या धक्क्याला पुढचा-मागचा दोर नावेच्या दोनतृतीयांश लांबीचा पुरतो. कृष्णेचे तसे नाही. वर कोयना धरणातून विसर्ग वाढला, शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावरून पाणी आले की चिकोडी भागातला कल्लोळ-येडूर बंधारा बुडतो. अशा वेळी आखूड बांधलेल्या नावेचे तोंड दोर खाली ओढतो आणि नाव पाणी घेते. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. म्हणून पावसाळ्यात नाव प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड करून, लांब दोराने आणि चढावरच्या मजबूत झाडाला बांधावी; २०१९ च्या ऑगस्टसारखा महापूर असेल तर सरळ ओढून वर न्यावी. हिडकलला उलटी अडचण असते. उन्हाळ्यात पाणी इतके ओसरते की हुन्नूरचे बुडालेले विठ्ठल मंदिर उघडे पडते, आणि पाण्यात बांधलेली नाव काही दिवसांत चिखलात बसलेली दिसते. तिथे दोर वरचेवर सैल करत राहण्याला पर्याय नाही.

ताणापेक्षा घासण्यानेच दोर जास्त मरतात. घाटाच्या काळ्या दगडाची धार जिथे लागते तिथे ठिबकच्या जुन्या पाइपाचा तुकडा ओवला की काम भागते. वरवर आलेली लव धोक्याची नसते. पदर उकलून आत भुकटी दिसली, दोर एखाद्या जागी बारीक किंवा ताठर झाला, तर तो नावेसाठी बाद समजावा. असे दोर सहसा कोणी टाकत नाही. तुकडे करून ते वैरणीच्या भाऱ्यांना लागतात.