होलोकॉस्टची स्मृती आणि अनुबोधपट

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. हा संहार, म्हणजेच होलोकॉस्ट, पडद्यावर मांडणाऱ्या अनुबोधपटाला आधी एका प्रश्नाला सामोरे जावे लागते : कॅमेरा कोणाच्या हातात होता? उपलब्ध चित्रणाचा बराच भाग मारेकऱ्यांनी केलेला, तर बराचसा छावण्या मुक्त झाल्यावर दोस्त सैन्यांनी टिपलेला. दोस्तांचे चित्रण २९ नोव्हेंबर १९४५ रोजी नाझी नेत्यांवरील न्यूरेंबर्ग खटल्यात पुरावा म्हणून दाखवले गेले. नाझींच्या चित्रणाचे तसे नाही. १९४२ मध्ये वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, त्यांनी घेतलेली दृश्ये पुढे अनेक चित्रपटांत अस्सल म्हणून वापरली गेली. त्यातली कित्येक मुद्दाम घडवून, पुन्हापुन्हा चित्रित केलेली होती.

आलँ रेने यांच्या ‘रात्र आणि धुके’ (१९५६) या ३२ मिनिटांच्या फ्रेंच अनुबोधपटात गवत माजलेल्या छावणीची रंगीत दृश्ये आणि जुनी कृष्णधवल चित्रे आलटूनपालटून येतात. निवेदन माउटहाउसेन छावणीतून वाचलेले कवी ज्याँ केरोल यांचे. त्यात ज्यूंचा वेगळा उल्लेख जवळजवळ नाही, ही त्याची मोठी उणीव. एका छायाचित्रातील फ्रेंच पोलिसाची टोपी सेन्सॉरने झाकायला लावली. फ्रान्सलाही या संहारातला स्वतःचा वाटा आठवायचा नव्हता.

क्लोद लांझमान यांनी ‘शोआ’ (१९८५) मध्ये जुने चित्रण पूर्णपणे वर्ज्य केले. अकरा वर्षे खपून केलेल्या या साडेनऊ तासांच्या चित्रपटात फक्त माणसे बोलतात आणि आजच्या जागा दिसतात : रूळ, जंगल, नदी. ट्रेब्लिंका या मृत्युछावणीत मरणाच्या दारातील स्त्रियांचे केस कापावे लागलेले अब्राहम बोम्बा इस्राएलमधील एका सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कात्री चालवत बोलतात. सोबतच्या न्हाव्यापुढे त्याचीच बायको आणि बहीण आल्या, इथवर येताच त्यांचा आवाज बसतो. लांझमान बोलते राहण्याचा आग्रह धरतात. हे सलून लांझमान यांनीच चित्रीकरणासाठी ठरवले होते. वाचलेल्या माणसाला इतके ताणावे का, हा वाद तेव्हापासून चालू आहे; पण त्या लांबलेल्या शांततेइतके बोलके चित्र कोणत्याही संग्रहात सापडणे कठीण. ट्रेब्लिंकात काम केलेले, एसएस या नाझी निमलष्करी दलातील फ्रान्झ झुखोमेल यांना मात्र लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपले आहे.

‘शोआ’मध्ये न वापरलेले चित्रण वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात आहे. थेरेझिनश्टाट घेट्टोच्या, नाझींनी नेमलेल्या ज्यू मंडळाचे अखेरचे प्रमुख बेन्यामिन मुर्मेलश्टाइन यांची १९७५ मध्ये रोम येथे घेतलेली मुलाखत त्यातलीच. तिच्यावरून लांझमान यांनी २०१३ मध्ये स्वतंत्र चित्रपट केला.