मालातलं पाणी धरून ठेवणारी मूठभर भुकटी

टाइल ॲडहेसिव्हच्या, म्हणजे टाइल चिकटवायच्या तयार मालाच्या, 20 किलोच्या पिशवीत बहुतेक भाग वाळू आणि सिमेंटचाच असतो. सेल्युलोज इथर नावाची पांढरट भुकटी त्यात साधारण 0.2 ते 0.5 टक्के, म्हणजे 40 ते 100 ग्रॅम. पण तेवढी काढून टाकली तर भिंतीवर ओढलेला माल काही मिनिटांत फटफटीत पडतो. टाइल बसल्यासारखी दिसते, पण नंतर टिचकी मारली की पोकळ वाजते.

सिमेंट वाळून घट्ट होतं ही समजूत फार जुनी आणि साफ चुकीची. ते पाण्याशी रासायनिक संयोग होऊन घट्ट होतं आणि त्याला वेळ लागतो. जाड थरात पाणी पुरून उरतं. टाइलखालचा थर मात्र जेमतेम तीन ते सहा मिलिमीटर. एका बाजूने कोरडी भिंत पाणी ओढते, उघड्या बाजूने वारा. संयोग व्हायच्या आत पाणी गेलं की मागे भुसभुशीत चुरा उरतो. म्हणूनच पूर्वी भिंत भिजवायची, टाइल पाण्यात बुडवून ठेवायची आणि माल जाड थापायचा, अशी पद्धत होती.

सेल्युलोज म्हणजे लाकूड आणि कापूस ज्याने बनतात तो पदार्थ. ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या, आणि प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जोड्या). शेजारच्या साखळ्यांचे हे गट एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पाण्याला आत शिरायला वाव मिळत नाही. सुती कापड कितीही धुतलं तरी विरघळत नाही ते यामुळेच. कारखान्यात लगदा कॉस्टिक सोड्यात फुगवतात, मग त्यावर मिथिल क्लोराइड आणि प्रॉपिलीन ऑक्साइड किंवा इथिलीन ऑक्साइडची क्रिया करतात. काही हायड्रॉक्सिल गटांवर नवे गट जोडले जातात, साखळ्यांची पकड सुटते आणि पदार्थ पाण्यात विरघळू लागतो. प्रॉपिलीनवाला प्रकार एचपीएमसी, इथिलीनवाला एचईएमसी. (डोळ्यांत घालायच्या थेंबांत आणि शाकाहारी कॅप्सूलच्या कवचातही एचपीएमसीच असतं, अर्थात औषधी दर्जाचं.) मालात विरघळल्यावर या साखळ्या पाणी दाट करतात आणि भिंतीकडे जाणारी त्याची वाट अडवतात. चांगल्या मालात 95 टक्क्यांहून जास्त पाणी टिकतं.

निवड करताना बहुतेकांचं लक्ष एकाच आकड्यावर असतं: व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रावणाचा दाटपणा. 40,000, 75,000, 1,00,000 वगैरे. हा आकडा सहसा 20 अंश सेल्सिअसला, दोन टक्के द्रावणात मोजलेला असतो. गंमत अशी की हे द्रावण जितक्या जोरात ढवळावं तितकं पातळ वागतं. त्यामुळे उपकरण किंवा फिरण्याचा वेग बदलला की आकडाही बदलतो. दोन उत्पादकांच्या कागदावरचे 40,000 एकच असतील असं नाही. मोजण्याची पद्धत विचारल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही.

जास्त व्हिस्कॉसिटीची भुकटी कमी घातली तरी पुरेसं पाणी धरते, हे खरं. पण माल थापीला चिकटतो, ओढायला जड जातो, आणि गवंडी वैतागून त्यात वरून पाणी ओततो. मग पाणी धरण्याचा हिशेबच बिघडला. आपोआप समतल होणाऱ्या फ्लोअरिंगच्या मालाला तर जेमतेम काही शेची व्हिस्कॉसिटी हवी. तिथे काम एवढंच की वाळू खाली बसू नये आणि पाणी वर येऊ नये.

माझ्या मते खरी परीक्षा उन्हातली. एचपीएमसीचं निवळ द्रावण काचेच्या भांड्यात हळूहळू तापवून पाहा. एका टप्प्यावर ते गढुळतं, मग पांढरं होऊन थिजतं. थंड केलं की पुन्हा नितळ. बहुतेक पदार्थ तापवल्यावर जास्त विरघळतात, हा उलटा वागतो. गरम झाल्यावर साखळ्या पाणी सोडून एकमेकींना बिलगतात. एचपीएमसीत हे साधारण 60 ते 75 अंशांच्या आसपास घडतं, आणि क्षार असले की आणखी खाली. त्या तापमानाकडे जाऊ लागताच पाणी धरायची ताकद घसरते. दुपारभर तापलेली बाहेरची भिंत त्या बाजूलाच सरकलेली असते. अशा कामाला एचईएमसी किंवा जेल होण्याचं तापमान जास्त असलेला ग्रेड बरा.

भुकटी जास्त घातली की पकड जास्त, हा आणखी एक गैरसमज. सेल्युलोज इथर सिमेंटचं घट्ट होणं लांबवतं, आणि मालात बारीक हवेचे बुडबुडे ओढतं. बुडबुडे वाढले की ताकद उतरते. घट्ट झालेल्या मालातली चिवट पकड आणि लवचीकपणा पॉलिमर पावडर (मालात वेगळी घातली जाणारी प्लास्टिकसारख्या पदार्थाची भुकटी) देते; तो खर्च वाचवायला इथर वाढवणं म्हणजे कामाची वाट लावणं. उभ्या भिंतीवर जड टाइल घसरत असेल तरी नुसतं इथर वाढवू नये, थोडं स्टार्च इथर (स्टार्चपासून बनवलेली तशीच भुकटी) जास्त उपयोगी पडतं. आणि स्वस्त पडतं म्हणून सीएमसी (कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज, सेल्युलोजचाच दुसरा प्रकार) सिमेंटच्या मालात घालू नये: सिमेंटमधलं कॅल्शियम त्याला निकामी करतं.

ओपन टाइम, म्हणजे ओढलेल्या मालावर टाइल चिकटू शकते तो वेळ, जागेवरच तपासता येतो. दातेरी थापीने माल ओढावा, 20 मिनिटं थांबावं, टाइल दाबून बसवावी आणि लगेच उचलून पाठ पाहावी. रेघा चिरडून माल पसरलेला आणि टाइलला लागलेला दिसला तर ठीक. पाठ कोरी आणि रेघांवर साय धरलेली, तर त्या भिंतीला, त्या हवेत तो माल चालणार नाही. युरोपीय मानक ईएन 12004 मध्येही 20 मिनिटांनी बसवलेल्या टाइलची पकड दर चौरस मिलिमीटरला किमान 0.5 न्यूटन मागितली आहे. जास्त ओपन टाइमच्या ‘ई’ वर्गाला तेवढीच पकड 30 मिनिटांनी.

कालवण्याबद्दल थोडं. नुसती भुकटी पाण्यात टाकली तर बाहेरून ओली, आतून कोरडी अशा गुठळ्या होतात, म्हणून ती आधी वाळू-सिमेंटमध्ये कोरडीच एकजीव करतात. तयार पिशवीचा माल पाण्यात घालून घोटावा, पाच-दहा मिनिटं तसाच ठेवावा आणि पुन्हा घोटावा. तेवढ्यात इथर पूर्ण विरघळतं आणि घट्ट वाटणारा माल सैल, लोण्यासारखा होतो. नंतर तो आवळू लागला तर पाणी घालून पुन्हा कालवू नये, तो माल टाकून द्यावा.