पुराणकथा आणि लोककथा: फरक नेमका कुठे शोधायचा

गोष्टीत देव आले की ती पुराणकथा आणि बोलणारे प्राणी आले की लोककथा, अशी वाटणी बहुतेकांच्या डोक्यात असते. घानामधल्या आशांती लोकांची अनान्सी कोळ्याची गोष्ट या वाटणीत बसवून पाहा. जगातल्या सगळ्या गोष्टी पूर्वी न्यामे या आकाशदेवाच्या मालकीच्या होत्या. अनान्सीला त्या विकत हव्या होत्या. न्यामेने किंमत सांगितली: अजगर, गांधीलमाश्या, बिबट्या आणि रानातली परी, सगळं पकडून आण. अनान्सी बायकोच्या सल्ल्याने एकेकाला फसवतो. गांधीलमाश्यांकडे जाताना तो तुंबा भरून पाणी नेतो, थोडं त्यांच्यावर उडवतो, थोडं स्वतःवर ओततो, डोक्यावर केळीचं पान धरतो आणि म्हणतो, ‘पाऊस आलाय, भिजत काय बसलात, तुंब्यात शिरा.’ माश्या आत शिरतात आणि तो तोंड बंद करतो.

यात आकाशदेव आहे, गोष्टी माणसांत कशा आल्या याचा उलगडाही आहे. तरीही ही लोककथाच. रॅट्रे या अभ्यासकाने १९३० मध्ये छापलेल्या आशांती कथासंग्रहात त्याचं कारण सापडतं. आशांती कथेकरी गोष्ट सुरू करतानाच बजावतो की आम्ही हे खरं म्हणून सांगत नाही. शेवटी म्हणतो, माझी गोष्ट गोड असो वा नसो, थोडी घेऊन जा, थोडी माझ्याकडे परत येऊ द्या.

म्हणजे निवाडा पात्रांवरून होत नाही. सांगणारे आणि ऐकणारे ती गोष्ट काय समजून ऐकतात, यावर होतो. अमेरिकी अभ्यासक विल्यम बॅस्कम यांनी १९६५ मध्ये हाच निकष पुढे ठेवून गद्य कथांचे तीन प्रकार मांडले. पुराणकथा खरी मानली जाते, ती आजच्यासारखं जग घडण्याआधीच्या काळात घडते आणि सहसा पवित्र असते. दंतकथाही खरी मानतात, पण तिचा काळ जवळचा आणि जग आपल्या ओळखीचं असतं. लोककथा मात्र कल्पित म्हणूनच सांगतात. ती कुठल्याही काळात, कुठल्याही गावात घडू शकते.

ही विभागणी विद्यापीठात बसून केली असं वाटत असेल, तर पापुआ न्यू गिनीजवळची ट्रोब्रियांड बेटं पाहावीत. तिथे राहून अभ्यास केलेले मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्हस्की यांनी १९२६ मध्ये लिहिलं की तिथले लोक स्वतःच गोष्टींच्या तीन जाती मानतात: कुक्वानेबू, लिब्वोग्वो आणि लिलिऊ. कुक्वानेबू म्हणजे करमणुकीच्या कल्पित गोष्टी. त्या नोव्हेंबरच्या सुमारास पाऊस लागला आणि शेतातली कामं हलकी झाली की सांगतात. लिब्वोग्वो खऱ्या मानलेल्या जुन्या हकिकती. त्यांना ठरावीक हंगाम नाही. लिलिऊ पवित्र. एखादा विधी किंवा सामाजिक नियम का पाळायचा, असा प्रश्न उभा राहिला की लिलिऊ पुढे येते.

एक लिलिऊ अशी: लाबाई गावाजवळच्या एका बिळातून कुळांचे प्राणी एकामागून एक वर आले. कुत्र्याने नोकू नावाचं हलकं फळ खाल्लं. डुकराने ते पाहिलं आणि सुनावलं, ‘तू नोकू खातोस, तू हलका, मुखिया मी.’ ऐकायला ही थेट प्राणिकथा वाटते. पण डुकराचं कूळ मालासी, आणि सर्वांत वरच्या दर्जाचे मुखिया त्याच कुळाच्या ताबालू शाखेतले. गोष्ट संपते, पण तिच्यातून आलेली प्रतिष्ठा, खाण्याचे निषेध आणि जमिनीवरचे दावे मागे उरतात. पुराणकथेची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

उलट ‘ही कोणी सांगायची, कधी सांगायची याची बंधनं आहेत, म्हणजे पुराणकथा’ हा समज फसवा आहे. याच बेटांवर कुक्वानेबूला हंगाम असतो, पिकाला ती लाभते अशी पुसट समजूत असते आणि प्रत्येक गोष्टीला मालकसुद्धा असतो. अनेकांना ती पाठ असली तरी सांगायचा हक्क मालकाचा. तो हक्क दुसऱ्याला देता येतो.

बदल किती चालतो, यावरूनही अंदाज येतो. प्राचीन बाबिलोनमध्ये वसंतातल्या अकितू या नववर्षाच्या उत्सवाच्या चौथ्या दिवशी पुजारी नगराचा मुख्य देव मार्दुक याच्या मूर्तीपुढे सात मृत्फलकांचं ‘एनूमा एलिश’ हे सृष्टिकाव्य म्हणत असे. त्यात मार्दुक तियामत या आदिसमुद्राच्या देवीला मारतो आणि तिच्या देहाचे दोन भाग करून एकाचं आकाश करतो. तिथे ऐनवेळी नवा प्रसंग घालायला वाव नव्हता. सिंड्रेलाचं मात्र पाहा. नवव्या शतकात चीनमध्ये दुआन चेंगशी याने नोंदवलेल्या रूपात ये श्येन या नायिकेला मदत करतात माशाची हाडं. शार्ल पेरोच्या १६९७ च्या फ्रेंच कथेत परी येते आणि बूट काचेचा होतो. ग्रिम बंधूंच्या जर्मन कथेत आईच्या थडग्यावरचं झाड आणि त्यावरचे पक्षी कपडे पुरवतात. मदतनीस बदलला, बूट बदलला, सांगाडा तोच. म्हणून कथाप्रकारांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत तिन्हींचा क्रमांक एकच, ५१० ए. पाठभेद पुराणकथांतही असतात: ग्रीक कवी हेसिओडच्या काव्यात प्रेमदेवता अफ्रोडायटी समुद्राच्या फेसातून जन्मते, दुसरा ग्रीक कवी होमर याच्याकडे ती देवांचा राजा झ्यूस आणि डायोनी या देवीची मुलगी आहे. त्यामुळे ही खूण आधाराला धरावी, एकटीवर निकाल देऊ नये.

सर्वांत जास्त घोळ होतो तो मिश्र कथांत. दुसऱ्या शतकातल्या आपुलेयसच्या लॅटिन कादंबरीतली क्युपिड आणि साइकी यांची गोष्ट देवांची आहे, म्हणून ती ग्रीक-रोमन पुराणकथांत छापली जाते. पण अदृश्य नवरा, त्याला न पाहण्याची अट, मत्सरी बहिणी, अशक्य कामगिऱ्या, हा सारा ऐवज लोककथेचा आहे. कादंबरीतही एक म्हातारी घाबरलेल्या मुलीची समजूत घालायला ती सांगते. होमरच्या ओडिसी या महाकाव्याच्या नवव्या सर्गात नायक ओडिसियस एकडोळ्या राक्षस पॉलिफेमसला आंधळा करून निसटतो, तो प्रसंगही युरोपात आणि कॉकेशसमध्ये सुट्या लोककथा म्हणून सापडतो. होमरने त्या राक्षसाला समुद्रदेव पोसायडनचा मुलगा केलं आणि ओडिसियसवरच्या त्या देवाच्या कोपाला कारण मिळालं.

संग्रह हातात घेतल्यावर आधी सुरुवातीचं आणि शेवटचं वाक्य पाहा. मुलांसाठीच्या रूपांतरात नेमकी हीच कापलेली असतात. मग कोणाकडून, कुठल्या साली, कुठल्या प्रसंगी नोंदवली ते शोधा. त्यानंतर विचारा: गोष्ट संपल्यावर त्या लोकांच्या जगात काय उरतं? एखादं कूळ, सण, बेट, निषेध? उत्तर ‘काहीच नाही, सगळे सुखाने नांदले’ असं असेल, तर बहुधा लोककथा. नोंदीचा तपशीलच नसेल तर शिक्का मारायची घाई नको. गोष्टी प्रवास करतात, आणि एका समाजात पवित्र असलेली कथा शेजारच्या समाजात निव्वळ करमणूक म्हणून सांगितली जाऊ शकते. तेव्हा कथेच्या नावाबरोबर समाजाचंही नाव टिपून ठेवा.